पंच निवडणारे आप्पा

मी लिहावं असा माणूस मी नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही, आणि हैदराबादला कॉलेजात येऊन इतके महिने झाले तरी चार ओळी लिहिल्या की त्या कोणाला तरी दाखवून घ्याव्यात असं मला वाटत राहतं. वसतिगृहातल्या मित्रांनी हस्तलिखित काढायचं ठरवलं आणि "तुझ्या गावाकडच्या एखाद्या माणसावर लिही" म्हणून मला धरलं. मी बरेच दिवस टाळलं. ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांनीच मला पहिल्यांदा अडवलं असतं. "दोन्ही बाजू ऐकल्यास का?" असं विचारलं असतं. मी तर एकाच बाजूनं पाहिलेलं आहे. तेव्हा काही उणंअधिक झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं. आमच्या घरासमोर आप्पांचं दुकान होतं. गूळ, मीठ, तेल, पेंड, सुतळी, असं सगळं. आप्पा लिंगायत वाणी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाचा करंडा, अंगात नेहमी एकाच कापडाची बंडी. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण ते नावानं कधीच कोणाचे नव्हते. सगळ्या गावाचे ते आप्पा होते, आणि खरं सांगायचं तर कोणाचेच नव्हते.

हे कोणाचेच नसणं त्यांनी फार कष्टानं सांभाळलं होतं. लग्नाचं आवतण आलं की ते जात, अक्षता टाकत, आहेर करत आणि पंगत बसायच्या आत घरी येऊन स्वतःची भाकरी खात. कोणी आग्रह केला तर म्हणत, "उद्या तुझा तंटा माझ्या दारात आला तर आजचं जेवण माझ्या घशात येईल." गिऱ्हाईकानं विचारलं, "आप्पा, या दोन भेल्यांतला गूळ कोणता चांगला?" तर दोन्ही भेल्यांचा एकेक खडा त्याच्या हातावर ठेवत आणि दुसरीकडं बघत. माझे वडील हसून म्हणायचे, "ह्या माणसाला इचारलं ना, की सूर्य उगवला का, तर म्हणंल, जरा अंधाराला बी इचारून येतो."

हे सगळं कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. सरकारी अदालत बीडला. तिथला कारभार उर्दूत, वकील परके, आणि एकेका तारखेला दिवस मोडायचा. म्हणून बांधाचा, पाण्याचा, वाटेचा असा तंटा झाला की गाव पंच बसवून तो मिटवायचं. पंच पाच. ते पाच निवडायचं काम आप्पांचं. ते त्यांना कोणी दिलं, कधी दिलं, हे गावात कोणाला नीट सांगता येत नसे. ते स्वतः कधी पंच म्हणून बसले नाहीत. निकालाच्या वेळी तोंड उघडत नसत. नुसते निवडत.

पंच होणं ही आपल्याला वाटते तशी मानाची गोष्ट नव्हती. दोनातला एक शेजारी जन्माचा दुखावतो, हे सगळ्यांना कळत होतं. त्यामुळे गावात तंटा उठला की लोकांची पोटं दुखू लागत. कोणाची सासुरवाडी आजारी पडे. एकदा एकानं निरोप पाठवला की म्हैस आजउद्या व्यायची आहे, मला मोकळं करा. आप्पा दुकान बंद करून त्याच्या गोठ्यात जाऊन बसले. म्हैस निवांत रवंथ करत होती. संध्याकाळी आप्पा उठले आणि म्हणाले, "हिला काय घाई दिसत न्हाई. चल, तूबी घाई करू नको. पंचात बस."

त्यांचं म्हणणं असं की जो खोटं कारण सांगून टाळतो, त्याला निदान या कामाचं ओझं कळलेलं असतं. जो नवा रुमाल बांधून आधीच चावडीवर येऊन बसतो, त्याला ते पहिल्या झटक्यात उठवत. "जा, तू मोकळा." आणि असा मोकळा केलेला माणूस पुढं आठ दिवस तोंड लपवून हिंडायचा.

एकदा बीडहून पोलीसठाण्याचे अमीनसाहेब आले. कसल्याशा चोरीचा पंचनामा होता आणि त्यांना ताबडतोब पाच माणसं हवी होती. आप्पांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं, आणि निवड सुरू केली. दुपार झाली तरी दोनच माणसं ठरलेली. अमीनसाहेब वैतागले. "अरे बुढ्ढे, लडकी का रिश्ता जमा रहा है क्या?" आप्पा म्हणाले, "साहेब, पोरीचं लग्न चुकलं तर एकच घर बुडतं." अमीनसाहेबांनी बूट काढून ठेवले. संध्याकाळपर्यंत थांबले.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती, आणि तशी मी आणखी कुठं पाहिली नाही. निवडलेल्या प्रत्येक माणसाला आधी दोन्हीकडच्यांची बाजू त्यांच्यासमोर सांगावी लागे. तीही "तो म्हणतो" असं नाही. "मी" म्हणून. जणू आपणच तो माणूस आहोत. आणि ज्याची बाजू सांगितली, त्यानं "हां, हेच माझं म्हणणं" असं म्हटलं तरच तो पंच पक्का. बांधावरच्या एका बाभळीचा तंटा होता, तेव्हा एक जण उभा राहून म्हणाला, "मी म्हणतो बाभूळ माझी हाय, कारण मी लई लबाड हाय." सगळी चावडी हसली. आप्पा हसले नाहीत. "सोताला लबाड म्हणणारा माणूस आजवर पाह्यलास का बे? जा, तू मोकळा."

दुसरा एक नियम होता. निवडणारा असो की निवडलेला, तो एका पक्षाच्या जवळचा असेल तर त्याच्यावर हरकत समोरच्या पक्षानं घ्यायची. त्याची हरकत नसेल तर आप्पांनाही तो बदलता येत नसे. हा नियम त्यांनी स्वतःच घातला होता.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

आप्पांना एकच मुलगा होता. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, अंगानं दांडगा आणि तोंडानं तिखट. बापाचा संयम त्याच्यात उतरलाच नव्हता. दुकानात बसला की गिऱ्हाइकांशी भांडायचा. एका बाजाराच्या दिवशी पाटलांचा बैल दुकानापुढं आला आणि त्यानं गुळाच्या भेलीला तोंड लावलं. मुलानं बैलाच्या तोंडावर काठी घातली. पाटील मागंच होते. त्यांनी त्याला बापावरून शिवी दिली. हा सगळ्या बाजारासमोर ओरडला, "तुमच्या कडब्याला आग लागो, मग काय खातो तुमचा बैल ते बघतो."

त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे पाटलांची कडब्याची गंजी पेटली. वर्षाची वैरण गेली. त्या दिवशी सकाळी गावात दुसरं कोणाचंच नाव निघालं नाही.

पाटील दुकानावर आले. मी आमच्या ओट्यावर होतो, मला सगळं ऐकू येत होतं. त्यांना वाटलं असतं तर ते सरळ बीडच्या ठाण्यात गेले असते आणि पोराला बेड्या पडल्या असत्या. पण ते म्हणाले, "आप्पा, मी ठाण्यात जाणार न्हाई. पंच बसवा. गुन्हा ठरला तर पोरानं गावची शीव सोडायची. न्हाई ठरला तर मी त्याच्या पाया पडंन."

आप्पा म्हणाले, "पाटील, मी त्याचा बाप हाय. मला मोकळं करा. दुसरा कोणीबी निवडू द्या."

"न्हाई. तुमीच निवडा."

"आवो, मी बाप हाय."

"हरकत घ्यायची तर कोणी घ्यायची? मी. तुमचाच नियम हाय. माझी हरकत न्हाई."

आप्पांनी तराजूचं पारडं पुसून खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरं."

त्यांनी निवडलेले पाच जण ऐकून गाव हादरलं. एकाशी मुलाची बैलपोळ्याला मारामारी झालेली. एकाच्या मुलीचं स्थळ त्यानं तोंडावर नाकारलेलं. उरलेल्या तिघांशीही त्याचा काही ना काही खटका उडालेला. मुलगा चावडीवर आला आणि ती पाच तोंडं बघून बापाकडं वळला.

"आप्पा, यात माझा एक तरी माणूस घाला."

"तुझा घातला तर पाटलाचाबी घालावा लागंल. मग ते दोघं एकमेकाशी भांडतील आन बाकीचे तिघं मजा बघतील."

"म्हंजी माझ्यावर जळणारे पाच घातले ते चांगलं?"

"हे पाची तुझ्याशी भांडलेत, पण कोणी तुझ्या माघारी खोटं बोललेला मला ठावं न्हाई. आन तुझी बाजू सांगितल्याबिगर त्यातला एकबी बसणार न्हाई."

आणि तसंच झालं. सकाळपासून उन्हं कलेपर्यंत त्या पाच जणांनी एकामागून एक उभं राहून त्या पोराच्या तोंडचं बोलणं बोलून दाखवलं. "मी रागात बोललो. माझी जीभ तिखट हाय, हात न्हाई. मी गंजीकडं गेलतोच न्हाई. मी घरी होतो." ज्यांना त्याचं तोंड बघवत नव्हतं त्यांच्या तोंडून त्याचं म्हणणं बाहेर पडत होतं. दोघांना त्यानं परत सांगायला लावलं. ज्याच्या मुलीचं स्थळ नाकारलं होतं, तो सांगता सांगता मध्येच थांबला आणि म्हणाला, "च्यायला, ह्या पोराचं खरंबी असंल." असलं काही माणसं एकमेकांसाठी करू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पुस्तकांत मी न्यायाविषयी बरंच वाचलं आहे, पण न्याय हा शब्द आला की मला अजून ती दुपार दिसते.

पाचही पक्के झाले. मग त्यांनी मुलाला विचारलं, "पहाटे तू घरी होतास हे कोणी पाह्यलं?"

त्यानं आप्पांकडं पाहिलं. सगळ्या चावडीनं आप्पांकडं पाहिलं.

आप्पा म्हणाले, "निवडणाऱ्याला साक्ष न्हाई."

हा त्यांचा जुना नियम होता. जो पंच निवडतो त्यानं साक्ष द्यायची नाही. तो नियम सगळ्यांना माहीत होता. पण त्या दिवशी चावडीनं त्याचा अर्थ वेगळा घेतला. आप्पा खोटं बोलणार नाहीत, आणि खरं बोलले तर पोरगा अडकेल, म्हणून ते नियमामागं बसले, असं लोकांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पंच बाजूला जाऊन बसले आणि परत आले तेव्हा त्यांच्या माना खाली होत्या. गंजी यानंच पेटवली. शीव सोडावी.

मुलगा त्याच संध्याकाळी गेला. जाताना आईच्या पाया पडला. आप्पांसमोरून तसाच निघून गेला. पुढं कळलं की तो मांजरसुंब्याला थांबला आहे, तिथं घाटाखाली उतरणाऱ्या गाडीवानांना पेंड आणि वैरण विकतो.

त्या दिवसापासून आप्पांच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. बोलायचं ते गिऱ्हाइकाला मध्ये घालून. मी मीठ आणायला गेलो की आतून आवाज यायचा, "बाळा, त्यांना सांग, भाकरी झाली." मी आप्पांकडं वळायचो. आप्पा म्हणायचे, "सांग, आलो." एकदा त्या बाहेरच आल्या आणि माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तू शिकलेला हायेस. मला सांग, सगळ्या गावाची बाजू ऐकणाऱ्याला घरातलीच ऐकू येत न्हाई का रे?" आप्पांनी माझी मिठाची पुडी बांधली, सोडली, परत बांधली.

हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो. मनात बरेच दिवस होतं ते विचारलं. "आप्पा, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं?"

ते म्हणाले, "तू तिथं होतास. पाची जणांनी नीट ऐकलं का?"

"ऐकलं."

"तू हरकत घेतली असतीस का त्यांच्यावर?"

मी विचार केला. "नाही."

"मग जा. गाडी चुकंल." जालन्याला रेल्वे धरायला मला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. ते मला त्याच दिवशी घालवत होते.

गावाहून इथं फारसं कोणी येत नाही. गेल्या महिन्यात माझे चुलते इथल्या अदालतीतल्या एका कामासाठी आले आणि वसतिगृहात माझ्या खोलीवर उतरले. जेवण झालं, घरची खुशाली झाली, आणि सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "आप्पानं पंच निवडायचं सोडलं बरं का."

मी म्हणालो, "कावून?" कॉलेजात आल्यापासून "का"ऐवजी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. पाटलांचा सालगडी तापानं आजारी पडला. वाचत नाही असं वाटल्यावर त्यानं पाटलांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की त्या पहाटे थंडी फार होती, आपण गंजीच्या आडोशाला शेकोटी केली होती, आणि ती नीट विझवली नाही. पाटील तसेच अनवाणी दुकानावर आले. म्हणाले, "आप्पा, माझी गाडी जुंपतो. पोराला आत्ता घेऊन येतो."

आप्पा म्हणाले, "तुमच्या गाडीतून तो येणार न्हाई. तुमच्या सांगण्यानं न्हाई, माझ्याबी न्हाई. पाच जणांनी त्याला घालवलं. पाच जणांनी बोलवायचं."

पण पाचातला एक मागच्या साथीत गेला होता. पाटलांनी विचारलं, "मग त्याच्या जागी निवडा कोणी."

"मी न्हाई. या बारीला नुसकान त्याचं झालंय. त्यो निवडंल."

निरोप गेला. मुलगा आला आणि शिवेच्या दगडापलीकडं उभा राहिला. अलीकडं सगळं गाव. चौघे पंच पुढं. काकू सगळ्यांच्या पुढं. कोणाला निवडतोस म्हणून विचारलं तेव्हा त्यानं बापाकडं बोट केलं.

आप्पा म्हणाले, "मी बाप हाय. मला बसता येत न्हाई."

मुलगा म्हणाला, "हरकत पाटलानं घ्यायची."

पाटील म्हणाले, "माझी हरकत न्हाई."

चुलते सांगत होते, "मग काय, नियम म्हंजे नियम. आप्पाला त्याची बाजू सांगायची पाळी आली. त्याच्यासमोर उभं राहून. मी म्हणून. त्यानं शिवेच्या दगडाला हात टेकला. मग बोलला."

आप्पा जे बोलले ते चुलत्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं लिहितो आहे.

"मी त्या पहाटे घरी होतो. आई गोठ्यात होती, आप्पा लिंगपूजेला बसले होते. मी आडाचं पाणी आणलं आन त्यांच्या हातावर घालत होतो. गावात बोंब उठली तवा तांब्या माझ्या हातात होता. आप्पाला हे ठावं होतं. चावडीवर मी त्यांच्याकडं पाह्यलं. ते बोलले न्हाईत."

मुलाला विचारायची रीत होती, म्हणून चौघांतल्या एकानं विचारलं, "हेच तुझं म्हणणं का?"

मुलगा म्हणाला, "एक राह्यलं. ते कावून बोलले न्हाईत?"

आप्पा म्हणाले, "ते तुझ्या बाजूत येत न्हाई. ते तुला ठावंच न्हाई."

"मग तुमच्या बाजूनं सांगा."

"आजवर मला बाजू नव्हती."

"आता हाय."

आप्पांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "माझ्या एका शब्दावर पाची जणांनी तुला सोडलं असतं. आन गाव म्हणलं असतं, पोरासाठी बोलला. त्याला मी भ्यालो. नियमाचं नाव सांगितलं, पर भ्यालो होतो."



"हां," मुलगा म्हणाला, "आता बरोबर हाय." आणि दगड ओलांडून आत आला.